दोरी कोण ओढते?

अर्जुनी मोरगाव
१८ ऑगस्ट २००३

प्रिय हर्षू,

तुला पुण्याला जाऊन दोन महिने झाले आणि तू तिथे नेमकं करतेस काय, ते मला अजून कळलेलं नाही. फिजिओथेरपी शिकलीस, इथवर समजलं होतं. आता ज्या मॅडमकडे लागलीस त्या कायरोप्रॅक्टर म्हणजे कोण, हे सासूबाई रोज विचारतात. मी सांगितलं की त्या मान-पाठीचे सांधे हातानं दाबून मोकळे करतात, गोळी नाही, इंजेक्शन नाही. तर म्हणाल्या, “म्हंजे पायाळू होय का ते बाई?” आता तूच सांग, तुझ्या मॅडम पायाकडून जन्मल्या होत्या का? आमच्या गल्लीतल्या नंदाबाई जन्मल्या होत्या. कुणाला उसण भरली की तो त्यांच्याकडून कमरेत लाथ खाऊन येतो आणि हसत घरी जातो. सासूबाईंना वाटतं, पुण्यात त्याच लाथेची फी घेतात.

हसू नकोस, पुढचं हसण्यासारखं नाही. माझं डोकं दुखतं. बारावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरला हे तुला माहीत आहेच. लग्नाआधी दहावी झाले, त्यानंतर आठ वर्षांनी पुस्तक हातात आलं. मामाजींनी सासरे असून फॉर्मवर सही केली तेव्हा सगळ्या नात्यात चर्चा झाली, की जीवनलालजींची सून परीक्षेला बसते म्हणून. बारावी झाले तर पुढे डी.एड. करता येईल. आणि आता रोज दुपारी ओसरीत वाचायला बसले की तासाभरात कपाळाभोवती कुणी पट्टा आवळल्यासारखं होतं. दोन्ही कानशिलं ठणकतात, मानेत गोळा येतो. सरकारी दवाखान्यात दाखवलं. बी.पी. बरोबर, डोळे बरोबर, चष्मा नको म्हणाले.

घरात निकाल लागून गेला आहे की हे पुस्तकानं होतं. मामाजी म्हणाले, “पुस्तकानं डोकं दुखते तं पुस्तक कायले पाह्यजे?” बोलणं रागाचं नव्हतं, म्हणूनच मला जास्त भीती वाटते. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते.

फोन करू नकोस. फोन ओसरीत मामाजींच्या खुर्चीजवळ आहे, त्यावर मी फक्त ‘बरं आहे’ एवढंच बोलू शकते.

तुझी,
रिंकीताई


पुणे
३० ऑगस्ट २००३

प्रिय ताई,

सासूबाईंचा प्रश्न मी मॅडमना विचारला. त्या डोक्याकडूनच जन्मल्या आहेत. पण त्यांना नंदाबाईंना भेटायचं आहे, आणि ही थट्टा नाही.

आधी घाबरवणारे प्रश्न विचारून घेते. कधी अचानक, आयुष्यात कधी दुखलं नाही इतकं दुखलं का? उलटी, ताप, एका हाताला मुंग्या, समोरचं दोन-दोन दिसणं? यातलं एक जरी असेल तर पत्र लिहीत बसू नकोस, सरळ गोंदियाला मोठ्या डॉक्टरकडे जा. नसेल, तर मॅडम म्हणतात की हे बहुतेक ‘टेन्शन हेडेक’ आहे. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांना हेच असतं, त्या गोळ्या खाऊन कंटाळून येतात. पण मानेला बोट लावल्याशिवाय मॅडम शपथेवर काही सांगत नाहीत, आणि प्रत्येक डोकेदुखी मानेमुळे असते असंही म्हणत नाहीत. ‘दुखणं जिथे ओरडतं तिथे ते राहत असेलच असं नाही,’ हे त्यांचं आवडतं वाक्य आहे.

म्हणून मला सगळं लिही. कशावर बसतेस, पुस्तक मांडीवर धरतेस की पाटावर? डोक्यावरून पाणी, चारा काही आणतेस का? पाणी किती पितेस? ज्या दिवशी वाचत नाहीस त्या दिवशी दुखतं का? कुठल्या बाजूनं सुरू होतं? तुझ्या डोक्यानं मला पछाडलं आहे, बसमध्येसुद्धा मी तोच विचार करते.

आणि नंदाबाईंना कमरेपर्यंतच ठेव. मानेला कुणाचा पाय लागता कामा नये, आणि केस कापणाऱ्याकडून मान मोडून घेण्याची भावजींची सवयसुद्धा बंद कर.

तुझी,
हर्षू


अर्जुनी मोरगाव
२० सप्टेंबर २००३

हर्षू,

तुझ्या पत्रानं घात केला.

पोस्टमननं ते मामाजींच्या हातात दिलं. त्यांनी उघडलं, त्यांना त्यात काही गैर वाटत नाही, घराला आलेलं पत्र ते घराचं. आणि त्यात तुझा तो शब्द होता. टेन्शन! संध्याकाळी ते यांना म्हणाले, “उमेंद्र, पुण्याच्या डाक्टरनं लिहून धाडलं, तुझ्या बायकोले आमच्या घरी टेन्शन हाय म्हून.” सासूबाई जेवल्या नाहीत. म्हणाल्या, “आठ वरसात तुले मी एक शबद बोलली का? मंग टेन्शन कायचं होय माय?” हे सकाळी मला गोठ्यात गाठून विचारू लागले, “सांग ना, तुला कसलं टेन्शन आहे?” इतके खरेपणानं विचारत होते की मला रडू आलं. माझं रडू पाहून त्यांची खात्रीच पटली.

हर्षू, मला या घरात खरंच त्रास नाही. पण नाही म्हटलं तर लोकांना वाटतं लपवते आहे, आणि हो म्हणायला काही नाहीच.

पुस्तकं मामाजींनी कपाटात ठेवली. म्हणाले, आधी टेन्शन जाऊ दे. मला ही परीक्षा द्यायची आहे ग. पुन्हा कोणी फॉर्म भरू देणार नाही.

रिंकी


पुणे
३० सप्टेंबर २००३

आदरणीय काकाजींना हर्षिताचा नमस्कार.

पत्र ताईला नाही, तुम्हालाच लिहिते आहे. चूक माझी आहे. मी जो शब्द लिहिला त्याचा अर्थ काळजी, सासुरवास असा नाही. डॉक्टरी भाषेत टेन्शन म्हणजे ताण, दोरीला असतो तसा. आपल्याकडे खाटेची दोरी कसतात ना, ती एका अंगानं रोज थोडी थोडी जास्त कसली तर खाटेचा सांगाडाच तिरपा होतो. मान, खांदे आणि जबडा यांचे स्नायू डोक्याला असेच बांधलेले असतात. त्यातला एखादा तासन्‌तास आखडलेला राहिला की डोकं दुखतं. माणूस सुखात असला तरी दुखतं. तुमच्या घराला मी नाव ठेवलेलं नाही, आणि ठेवणारही नाही. ताई तुमच्या घरात सुखी आहे, हे ती मला दर पत्रात लिहिते.

माझ्या शब्दाची शिक्षा तिच्या पुस्तकांना देऊ नका, एवढीच विनंती.

आपली,
हर्षिता


अर्जुनी मोरगाव
ता. १२/१०/२००३

हर्षिताबाईस जीवनलालचा आशीर्वाद.

पत्र पावले. खाटेची गोष्ट समजली. खाट मी स्वतः विणतो, म्हणून समजली.

एक गोष्ट तुम्हाला सांगतो. पुस्तक बंद केले तरी सुनेचे डोके दुखून राहिले. काल ओसरीत तांदूळ निवडत होती तेव्हा कपाळ दाबत होती, मी पाहिले. म्हणजे पुस्तकाचा दोष पूर्ण नाही. पण तुम्ही दोरी सांगितली, दोरी कोण ओढते ते सांगितले नाही. आपोआप दोरी कसत नाही. ते शोधून कळवा.

पुस्तके मी परत दिलेली नाहीत. कपाटाची किल्ली मात्र कपाटालाच लावून ठेवली आहे.

जीवनलाल


पुणे
५ नोव्हेंबर २००३

प्रिय ताई,

भाऊबीजेला गोंदियाकडे, गोरेगावला आपल्या घरी आलीस तेव्हा मी तुझ्या मानेवरून बोटं फिरवत होते आणि तू ‘गुदगुल्या नको’ म्हणत होतीस. कवटीच्या खाली, जिथे मान सुरू होते, तिथे दोन्हीकडे सुपारीसारखे गोळे लागले. उजवीकडे मोठा. पण मला कोड्यात टाकलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. माहेरी तू अंगणात बसून दिवसभर इतिहास वाचलास आणि तुझं डोकं दुखलं नाही! आईनं लगेच निकाल दिला, “सासरच दुखते तिले.” मी तिला गप्प केलं खरं, पण मलाही तसंच वाटायला लागलं होतं. तू माझ्यापासून काही लपवतेस असं वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या रात्री मला तुझा रागसुद्धा आला.

मग तुला न्यायला काकाजी बसस्टँडवर आले. तुझ्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात आईनं दिलेला डबा. काकाजी दिसले आणि तू मान खाली घातलीस, पदराचा काठ पुढे आला आणि तो तू उजव्या बाजूच्या दाढेत धरलास. मी हे जन्मभर पाहत आले आहे. आई धरायची, काकू धरायच्या, आपल्या पोवारांच्या घरात सासऱ्यासमोर कोण धरत नाही? म्हणूनच कधी दिसलं नाही. त्या दिवशी ऊन तुझ्या कानशिलावर पडलं होतं आणि तिथलं मांस टरारून वर आलेलं मला दिसलं.

आत्ता एक कर. दोन बोटं कानशिलावर ठेव आणि दात आवळ. काय हललं? तो जबड्याचा स्नायू थेट तिथवर जातो. तू मान वाकवून, दात आवळून, हातात पुस्तक घेऊन रोज दुपारभर काकाजींसमोर बसतेस. तांदूळ निवडतानाही तसंच. मॅडमना सांगितलं तर त्यांनी पदर दातात धरून एक पेशंट तपासून पाहिला आणि पदर लगेच सोडून दिला.

पदराला पिन लावून बघ. जीभ टाळूला, ओठ मिटलेले, दात सुटे, ही जबड्याची सुटी आहे. मानेमागे गरम टॉवेल ठेव. हनुवटी आत घेऊन मान उंच करायचा व्यायाम दाखवला होता, तो कर. दर अर्ध्या तासाला उठ. गोळे मी महिन्यातून एकदा येऊन दाबून देईन, पण जोवर दात पदर सोडत नाहीत तोवर माझे हात काय करणार?

हर्षू


अर्जुनी मोरगाव
२२ नोव्हेंबर २००३

प्रिय हर्षू,

पोस्टमनला दारातच गाठून तुझं पत्र या वेळी मीच घेतलं. कानशिलावर बोटं ठेवली आणि दात आवळले. हललं. मी घाबरून इकडे-तिकडे पाहिलं, जणू चोरी पकडली गेली. मग माझ्या साड्या काढून पाहिल्या. प्रत्येकीच्या पदराचा उजवा कोपरा विरलेला आहे. मी आजवर साडीवाल्याला शिव्या देत होते.

पिन लावून पाहिली. मामाजींनी वर पाहिलं की पदर पुढे ओढावा लागतो, आणि पिन लावलेला पदर पुढे येत नाही, केस ओढले जातात. अर्धा दिवस बरं वाटलं, मग पुन्हा कधी दातात गेला ते समजलंच नाही. आणि मान तर खालीच. आत बसावं म्हटलं तर आतल्या खोल्यांत धानाची पोती आणि अंधार. दुपारी उजेड फक्त ओसरीत, आणि ओसरी मामाजींची. त्यांना ‘उठा’ कोण म्हणणार? आणि त्यांच्यासमोर उघड्या तोंडानं बसू? वेडी आहेस का? बसले तरी मलाच वाचता येणार नाही.

स्वयंपाक करताना सासूबाईंना विचारलं, तुमचं डोकं दुखायचं का? म्हणाल्या, “दुखे ना. सुनेचं डोकं दुखतेच. त्यात सांगायचं काय?” मग आपणच बोलल्या, “तुझे आजेसासरे गेले ना, त्या सालापासून थांबलं. मले वाटे, देवीनं आयकलं.” मी तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी कानशिलावर बोटं ठेवली, दात आवळले, सोडले, पुन्हा आवळले. पोळी करपली.

किल्ली कपाटालाच आहे, पण मी अजून पुस्तक काढलेलं नाही. दोरी कोण ओढते ते मला कळलं आहे. ते मामाजींना कोणत्या तोंडानं सांगू? माझं तोंडच तर झाकलेलं आहे.

तुझी,
रिंकीताई


अर्जुनी मोरगाव
११ जानेवारी २००४

प्रिय हर्षू,

तू पुन्हा येऊन मान दाबून गेलीस त्यानंतर जे झालं ते तुला सांगायलाच हवं, नाहीतर माझ्या पोटात राहणार नाही.

मी मामाजींना काही सांगितलेलं नव्हतं. एका दुपारी ओसरीत गेले तर मामाजींची खुर्ची उलटी. तोंड रस्त्याकडे, पाठ ओसरीकडे. आणि माझ्या बसायच्या जागी, पाटावर, माझी सगळी पुस्तकं रचून ठेवलेली. सासूबाईंनी आतून विचारलं, “आज तिकडे तोंड करून काऊन बसले?” (त्यांचा आवाज ऐकूनच मला कळलं की हे त्यांचं काम आहे.) मामाजी म्हणाले, “रस्त्यावरचं पाहून राहिलो. गाड्या लय वाढल्या आजकाल.” आमच्या रस्त्यानं दिवसाला चार बैलगाड्या जातात.

मी बसले. पदर आपोआप दातात गेला. मग समोर पाहिलं तर नुसती पाठ. पाठीसमोर कसला घुंगट? हळूच सोडला. खांद्यावर घेतला. मान वर केली तेव्हा काय वाटलं ते लिहिता येत नाही, नुसतं रडावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाठ बोलली, “मुक्यानं वाचू नोको. मांगं कोणी हाय का नाई, समजत नाई मले.” तेव्हापासून मोठ्यानं वाचते. फ्रेंच राज्यक्रांतीला मामाजींचा फार जीव लागला आहे. राजाचं डोकं उडवलं त्या दिवशी खुर्चीतून आवाज आला, “मंग रानीचं काय झालं?” अर्थशास्त्र सुरू केलं की घोरतात.

डोकं पूर्ण थांबलेलं नाही. परवा धान पाखडलं तेव्हा ठणकलं, आणि गणिताच्या दिवशी तर तुझ्या शब्दाच्या दोन्ही अर्थांनी ठणकतं. पण रोजचा पट्टा गेला. हातानं चाचपून पाहिलं, उजवी सुपारी आता हरभऱ्याएवढी आहे.

परीक्षा फेब्रुवारीच्या शेवटी. केंद्र इथेच अर्जुनीला आहे. हे त्या दिवशी राईस मिलच्या कामात अडकणार, मामाजी स्वतः नेऊन देतो म्हणाले.

तुझी,
रिंकीताई


अर्जुनी मोरगाव
ता. २९/२/२००४

हर्षिताबाईस जीवनलालचा आशीर्वाद.

सुनेला अभ्यास आहे, म्हणून मी लिहितो. पहिला पेपर झाला. चांगला गेला म्हणते. डोके दुखले नाही.

पण दरवाजावर एक भानगड झाली, ती तुम्हाला कळवणे मला जरूर वाटते. हॉल तिकिटावर तिचा जो फोटो आहे तो पदर भुवईपर्यंत घेऊन काढलेला. छपाईत अजून काळा झाला. तिथले साहेब तरुण होते. म्हणाले, “काका, ह्या फोटोत नुसती साडी दिसून राहिली. हीच ती बाई, हे कशावरून? डमी बसवतात लोकं.” सून घाबरली. बाहेरून बसणारी, तिला कॉलेजात ओळखणारे कोणी नाही. घंटा व्हायला आली होती. साहेब मला म्हणाले, “तुम्ही सासरे ना? मंग चेहरा पाहून सांगा हीच तुमची सून, अन् इथं सही करा.” त्यांनी तिला पदर मागे घ्यायला लावला.

बाई, मी पाहिले. आणि मला सांगता आले नाही.

आठ वर्षे ती माझ्या घरात आहे. तिच्या हातचे जेवतो. माझ्या दुखण्यात तिने माझे पाय चेपले. तिचे तोंड मी कधी पाहिलेले नव्हते. समोर एक बाई उभी होती, मोठे कपाळ, डोळे भरलेले, आणि ती माझी सून आहे की दुसऱ्या कोणाची, हे मला ठाऊक नव्हते. खोटी सही मी जन्मात केली नाही. पेन मी हातात घेतला नाही. साहेब हसले, म्हणाले, “काका, सून ओळखत नाई?” सगळी पोरे पाहून राहिली होती. मला एवढी लाज कधी वाटली नाही, बाई.

मग मी त्यांच्याकडे पाठ केली. म्हटले, “साहेब, तोंड नाई ओळखत मी. तिले काही वाचाले सांगा.” भिंतीवर परीक्षेच्या सूचना लावल्या होत्या. ती वाचू लागली. पहिल्या ओळीला आवाज कापून राहिला होता, दुसरीला सरळ झाला. तिसरीपर्यंत मी थांबलो नाही. म्हटले, “हीच. ही माझी सून. आणा, सही करतो.”

तीन तास मी बाहेर झाडाखाली बसलो. ती बाहेर आली तेव्हा हातात पेन, पॅड, पाण्याची बाटली. मला पाहून मान खाली गेली आणि पदर तोंडाकडे निघाला.

मी म्हटले, “राहू दे बाई. परवा दुसरा पेपर हाय. मले ओळखाव लागन.”

जीवनलाल